गेलेल्या वर्गमित्रांच्या घरी काय घेऊन जावे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिकलो आणि १९९१ साली दहावी पास झालो. सध्या नोकरीनिमित्त पुण्याजवळ राहतो. आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट आहे आणि यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शाळेत स्नेहमीलन ठरले आहे. ६४ जणांच्या वर्गातील ११ जण आज हयात नाहीत. दोघांनी शेतीच्या कर्जापायी आत्महत्या केली. एक जण एप्रिल २०२१ मध्ये करोनाने नागपूरच्या दवाखान्यात गेला. एकाला तोंडाचा कर्करोग झाला. एका मैत्रिणीचे सासरी निधन झाले, ते आम्हाला कित्येक वर्षांनी कळले. एक मुलगा नववीतच शाळा सोडून गेला होता. त्याला आपल्या वर्गातला धरावे की नाही, यावरही गटात वाद आहे. काही जण म्हणतात, आनंदाच्या दिवशी गेलेल्यांचा विषय नको. काहींना चौकात फोटोंसह फलक लावायचा आहे आणि कुटुंबीयांना मंचावर बोलावून मदत द्यायची आहे. माझी अडचण वेगळी आहे. आत्महत्या केलेल्यांपैकी एक जण माझ्या बाकावर बसत असे. मी त्याच्या मातीला गेलो नाही, तेरवीलाही गेलो नाही. आता बारा वर्षांनी त्याच्या घरी कोणत्या तोंडाने जावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत. त्यांपैकी शेवटचा मला सर्वांत निकडीचा वाटतो, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. तुम्ही मित्राच्या घरी अवश्य जा, आणि स्नेहमीलनाच्या आधी जा. बारा वर्षे लोटली म्हणून ती भेट व्यर्थ ठरत नाही. मयत झालेल्या घरी तेरवीपर्यंत माणसांची रीघ लागलेली असते, वर्षश्राद्धाला जवळचे नातेवाईक येतात, आणि त्यानंतर त्या माणसाचे नाव काढणारा बाहेरचा कोणी उरत नाही, हे मी विदर्भातल्या खेड्यांत शिक्षक म्हणून राहताना वारंवार पाहिले आहे. लोक निष्ठुर असतात असे मुळीच नाही. आत्महत्या झालेल्या घरात काय बोलावे ते कोणाला सुचत नाही, भलतेच काही तोंडून जाईल अशी धास्ती वाटते, आणि मग आलेला माणूस पाऊसपाणी, कापसाचा भाव आणि मुलांची शाळा एवढ्यावर बोलून, चहा घेऊन उठतो.

तुमच्याजवळ मात्र असे काही आहे, जे त्या घरात कोणाजवळही नाही. त्याच्या पत्नीने त्याला लग्नानंतर पाहिले. मुलांनी बाप म्हणून पाहिले, तेही थोडीच वर्षे. आईवडिलांनी घरातला मुलगा पाहिला. पण शाळेच्या वेळात तो कसा होता, मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यात हात घालत होता, कोणत्या सरांचा तास आला की मागच्या बाकावर सरकत होता, निकालाच्या दिवशी घरी जाण्याआधी नदीवर किती वेळ बसून राहिला होता, हे त्यांनाही ठाऊक नाही. त्याच्या आयुष्यातली ती पाच-सहा वर्षे तुमच्या वर्गाच्या स्वाधीन आहेत. तुम्ही सांगितली नाहीत तर ती त्याच्या मुलांपर्यंत कधीच पोहोचणार नाहीत, आणि तुमच्या पिढीबरोबर नाहीशी होतील. माझ्या मते तुमच्या वर्गाने करण्याजोगे खरे काम हेच आहे, आणि फलक, हार, मंच या साऱ्याचा विचार त्यानंतर करता येईल.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या मुलांच्या बाबतीत तर ही गरज फार मोठी असते. त्यांना बापाची जी ओळख बाहेरून मिळते ती बहुतेक कागदांतून मिळते : पोलिसांचा पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, बँकेचा थकबाकीचा दाखला, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा निर्णय. शासन अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देते, आणि २००६ पासून चालत आलेल्या त्या पद्धतीत प्रकरण आधी ‘पात्र’ ठरावे लागते. शेती कुटुंबात कोणाच्या नावे होती, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे होते, ते थकले होते काय, हे तपासून समिती पात्र किंवा अपात्र असा निर्णय देते. मदतीला निकष असावे लागतात, हे मला मान्य आहे. पण ‘तुझ्या बापाचे प्रकरण अपात्र झाले’ हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलाच्या मनात ते प्रकरणाविषयीचे न राहता बापाविषयीचे मत होऊन बसते. त्याला कोणीतरी समोर बसून सांगायला हवे की तुझा बाप कबड्डीत एका दमात तिघांना बाद करून परत येत असे, भूमितीची प्रमेये त्याला मुखोद्गत होती, आणि गाण्याच्या तासाला तो ओठ घट्ट मिटून बसत असे. यातले काहीही फार मोठे नाही. पण मुलाला ते दुसऱ्या कोणाकडून मिळण्यासारखे नाही.

मी शिकवलेला एक मुलगा ऐन पंचविशीत गेला. त्याचे गाव पुसदच्या पलीकडे होते. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई बराच वेळ काही बोलली नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. नंतर तिने एवढेच विचारले, “गुरुजी, माह्या पोराचं अक्षर कसं व्हतं?” मी तिला सांगितले की त्याचे अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेले होते, कागद पुरा पडावा म्हणून तो समासातसुद्धा लिहीत असे, आणि ‘ळ’ काढताना त्याचा पेन हमखास ओळीच्या खाली उतरत असे. तिने ते मला पुन्हा सांगायला लावले. मग आतून सुनेला बोलावले आणि तिलाही ऐकवायला सांगितले. सांत्वनाची वाक्ये तिने तोवर पुष्कळ ऐकली होती. मुलाविषयी नवे काही कळण्याची तिची आशा संपली होती, आणि ते अनपेक्षितपणे तिच्या हाती आले.

तेव्हा जाण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी बसून आठवा, आणि आठवेल ते कागदावर उतरवून काढा. “तो फार चांगला होता” हे वाक्य कोणाविषयीही म्हणता येते. त्याचा त्या घरच्यांना उपयोग नाही. तो शाळेत पायी येत होता की सायकलने, की आता बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेने, डब्यात बहुधा काय असे, गॅदरिंगमध्ये त्याने काय केले, तुमच्याशी त्याचे भांडण कशावरून झाले आणि मिटले कसे, असे बारीकसारीक आठवा. जे आठवत नाही ते रचून सांगू नका. वर्गातील आणखी दोघा-तिघांना विचारा. प्रत्येकाकडे वेगळा तुकडा निघेल.

प्रत्यक्ष भेटीविषयी थोडे तपशिलाने लिहितो. आधी निरोप द्या, आणि दिवस व वेळ घरच्यांनाच ठरवू द्या. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघून कापसाची वेचणी सुरू झालेली असते, त्यामुळे दिवसभर घराला कुलूप असण्याचाच संभव अधिक. दिवेलागणीनंतर किंवा सकाळी लवकर गेलेले बरे. दोघांपेक्षा जास्त जण जाऊ नका, कारण दहा जण दाराशी आले की ते शिष्टमंडळ होते आणि घरची माणसे चहापाण्याच्या धावपळीत गुंततात. बसल्यावर एका वाक्यात सांगून टाका की मी तेव्हाच यायला हवे होते, आलो नाही. त्यापुढे कारणे देत बसू नका. नोकरी, रजा, अंतर हे सारे ऐकून घेतल्यावर “असू द्या, भाऊ” असे म्हणून तुमचीच समजूत घालण्याची पाळी त्याच्या पत्नीवर येते. त्या रागावल्या, किंवा “आता आठवण झाली का?” असे म्हणाल्या, तर ते ऐकून घ्या आणि बसून राहा. तसे बोलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

मृत्यू कसा झाला हे विचारू नका. “हिंमत हारला”, “लेकराबाळांचा विचार करायला हवा होता” ही वाक्ये त्या घरात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून बोलून झालेली असतील. तुमच्या तोंडून ती जाऊ नयेत. तुम्ही पत्रात ‘कर्जापायी’ असे लिहिले आहे. कर्ज होते हे खरे असेल, पण माणूस त्या टोकाला जातो तेव्हा त्यामागे एकच कारण क्वचितच असते, म्हणून त्याच्या मृत्यूचा निकाल आपण बाहेरून लावू नये. त्याला हुतात्मा ठरवणेही तितकेच टाळावे. घरचे आपण होऊन बोलले तर ऐकावे, नाही बोलले तर बाकावरच्या मुलाविषयी बोलावे. या निमित्ताने गटातील एखादा मित्र आपल्याही मनात तसे विचार येतात असे बोलून गेला, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि त्याला एकट्याला सोडू नका. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

दुसरे घर करोनाने गेलेल्या मित्राचे. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात अंत्यसंस्काराला वीसच माणसांची परवानगी होती, आणि नागपूरच्या दवाखान्यात गेलेल्या कित्येकांना गावाची मातीही मिळाली नाही. गावाकडे त्या घरी बसायला कोणी गेले नाही, कारण कोणी जाऊच शकत नव्हते. इतरांच्या घरी निदान रीत तरी पार पडली. या घरी तीही झालेली नाही. त्यामुळे वर्गापैकी जे जवळपास राहतात त्यांनी तिथेही स्नेहमीलनापूर्वी जाऊन यावे.

आता आनंदाच्या दिवशी हा विषय नको म्हणणाऱ्यांविषयी. त्यांचा हेतू वाईट आहे असे मी मानत नाही. पुष्कळदा ज्याला दुःख सोसत नाही तोच असे म्हणतो. पण आपल्या रीतीभातींत शुभ कार्य आणि गेलेल्यांची आठवण यांचे वैर कधीच नव्हते. लग्न-मुंजीच्या घरी देवक बसवताना नांदीश्राद्ध करतात, म्हणजे घरातल्या मंगल कार्याची सुरुवातच पूर्वजांचे स्मरण करून होते. अक्षय तृतीया, आपल्याकडची आखजी, ही साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, आणि त्याच दिवशी वऱ्हाडात घरोघर पितरांच्या नावे घागर भरतात आणि चिंचवणीचा नैवेद्य दाखवतात. अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसे जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. त्या काही मिनिटांनी उत्सवाला गालबोट लागले असे त्यांपैकी कोणाच्या मनातही येत नाही. तुमच्या मित्रांना हे सांगा, आणि त्यांना हेही विचारा की त्या दिवशी ६४ जणांच्या वर्गात ५३ जण बसलेले असताना उरलेल्या ११ जणांचा विषय कोणाच्याही मनात आला नाही, असे होणार आहे काय? तो मनात येणारच असेल तर उघडपणे यावा, आणि कार्यक्रमाच्या आरंभी यावा. जेवणानंतर, निम्मे लोक गाडी गाठण्याच्या घाईत असताना, आभारप्रदर्शनाच्या आधी तो उरकू नये.

यादी करण्याचे काम तुम्हाला वाटते त्यापेक्षा अवघड आहे. तुमचा ११ हा आकडा बहुधा व्हॉट्सॲप गटातील आठवणींवरून आलेला असावा, आणि गटात जी माणसे आहेत त्यांना जे ठाऊक तेवढेच त्या यादीत उतरलेले असते. शहरात गेलेले, नोकरीला लागलेले, तालुक्याच्या गावी राहणारे हे सारे एकमेकांना धरून असतात. आसपासच्या खेड्यांतून येणारी, दहावीनंतर मजुरीला लागलेली मुले त्या जाळ्यात नसतात, आणि त्यांच्यापैकी कोणी गेले तर त्याची बातमी गटापर्यंत येत नाही. म्हणून शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहणे आवश्यक आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण लिहिलेले असते, आणि ते रजिस्टर शाळेने कायम जपून ठेवायचे असते. त्यात जात आणि जन्मतारीखही असल्यामुळे मुख्याध्यापक ते तुमच्या हाती सोपवणार नाहीत, आणि सोपवूही नये. पण रीतसर अर्ज देऊन, शाळेच्या बाबूंच्या शेजारी बसून, केवळ नावे आणि गावे उतरवून घेण्याची परवानगी ते बहुधा देतील.

त्याच रजिस्टरमध्ये नववीतून गेलेल्या मुलाच्या वादाचाही निकाल लागतो. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ किंवा ‘घरगुती कारण’ असे काहीतरी असेल. त्या दोन शब्दांमागे काय असते ते आम्हा शिक्षकांना ठाऊक असते : वडील आजारी पडलेले, धाकटी भावंडे सांभाळायची, वेचणीच्या दिवसांत एका माणसाची मजुरी घरात यायला हवी, किंवा मुलाचे स्वतःचे दुखणे. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने दर महिन्याला हातपाय धरून निजणारी मुले होती, आणि पुष्कळदा त्या दुखण्याचे निदानच झालेले नसे, त्यामुळे ती कामचुकार समजली जात. दहावी पास होणे ही वर्गात असण्याची अट धरली, तर तुमच्या वर्गातील सर्वांत गरीब मुले यादीतून आपोआप गळतील. तो मुलगा तुमच्याबरोबर बाकावर बसला, कॅटलॉगमध्ये त्याचे नाव तुमच्या नावाच्या मागेपुढे पुकारले गेले. तो तुमच्याच वर्गातला आहे. यावर मतदान घेण्याचे कारण नाही.

मुलींच्या बाबतीत अधिक कष्ट घ्यावे लागतील. लग्नानंतर नाव बदलते, आडनाव बदलते, गाव बदलते; सासरी काही झाले तर बातमी माहेरच्या अंगणापर्यंत येते आणि तिथेच थांबते. मुलांच्या गटात कोणाच्या बहिणीचे काय झाले हे विचारायला संकोच वाटतो, आणि म्हणून वर्गातील एक मुलगी गेल्याचे वर्गाला वर्षानुवर्षे कळत नाही. तुमच्या मैत्रिणीविषयी हेच झाले. तुमच्या वर्गातील ज्या मुली आज गटात आहेत त्यांच्याकडे हे काम सोपवा. भाऊबीजेला त्या माहेरी येतात, आणि माहेरची माणसे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतील. मैत्रिणीच्या भावाला भेटा आणि बहिणीची मुले कुठे असतात ते विचारा. आईचे शाळेतले दिवस ठाऊक असणारे तिच्या सासरच्या गावात कोणीही नसेल. त्यांच्यासाठी तर तिचे माहेरचे नाव हेसुद्धा फक्त एखाद्या दाखल्यावरचे असेल. यादीत तिचे नाव शाळेत होते तसे लिहा आणि त्यापुढे सासरचे नाव जोडा, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांना ती ओळखू येईल.

यादीतील प्रत्येक नावाची खात्री घरच्या माणसाकडून करून घ्या. एकाच नावाचे दोघे प्रत्येक गावात असतात, आणि ऐकीव बातमीवर हयात माणसाचे नाव श्रद्धांजलीत वाचले जाणे ही त्या घरावर न पुसता येणारी आपत्ती आहे.

चौकातल्या फलकाला माझा विरोध आहे. त्यावर गेलेल्यांचे चेहरे लहान आणि सौजन्य म्हणून खाली छापलेले चेहरे मोठे होतात, आठ दिवसांत वारा तो फाडतो, आणि बाजाराच्या दिवशी त्याच रस्त्याने जाणाऱ्या आईला तो नालीत पडलेला दिसतो. कार्यक्रमाच्या जागी, शाळेच्या आत, नावे लावा. छायाचित्रांचा आग्रह धरू नका. १९९१ सालचा वर्गाचा फोटो असेल, पण त्या दिवशी गैरहजर असलेली, किंवा नववीत गेलेली मुले त्यात नसणार; मग काहींचा फोटो आणि काहींची रिकामी चौकट असे दृश्य तयार होते. सर्वांचे फोटो मिळाले तर लावा, एकाचा जरी मिळाला नाही तर सर्वांची फक्त नावे लावा, सारख्या आकारात, रजिस्टरमधील क्रमाने. जुन्या वर्गाच्या फोटोच्या प्रती मात्र काढून घ्या आणि प्रत्येक घरी एक द्या. पुष्कळ घरांत त्या वयातला एकही फोटो नसतो, कारण त्या काळी प्रत विकत घेण्याइतके पैसे प्रत्येकाजवळ नव्हते.

स्नेहमीलनात बहुधा तुमच्या एखाद्या गुरुजींना बोलावून हजेरी घेण्याचा कार्यक्रम असेल. आजकाल सगळीकडे असतो. त्यात गेलेल्यांची नावे आधीच गाळून कागद गुरुजींच्या हाती देतात, आणि सारा वर्ग ते ओळखून गप्प बसतो. तुम्ही तसे करू नका. पूर्ण यादी वाचली जावी. गेलेल्याचे नाव आले की त्याच्या बाकावर बसणाऱ्याने उभे राहावे आणि त्याच्याविषयी आठवणारी एक गोष्ट सांगावी, दोन-तीन वाक्यांत. त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणण्याचा नाट्यमय प्रकार टाळावा. समोर घरची माणसे बसलेली असतील, आणि ते ऐकणे त्यांना सोसणार नाही. नववीतल्या मुलाच्या नावाला उभे राहणारे कोणी नसेल तर ज्याने त्याला चिडवले होते त्याने उभे राहावे. त्याला तो सर्वांत जास्त आठवत असेल. तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या मित्राच्या नावावर खर्ऱ्याविरुद्ध, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाविरुद्ध, भाषण नको. खर्ऱ्याने विदर्भात काय केले आहे हे मी जवळून पाहिले आहे आणि शाळेत त्यावर बोलायलाच हवे. पण ज्या दिवशी त्याची पत्नी पहिल्या रांगेत बसली आहे त्या दिवशी तिच्या नवऱ्याचे उदाहरण करू नये.

तुमच्या वर्गात हिंदू, बौद्ध, मुसलमान, बंजारा, कोलाम अशी सर्व घरची मुले असणार. एखादे घर श्राद्ध करते, एखादे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घेते, एखाद्या घरी फातेहा होतो. यांपैकी कोणताही एक विधी साऱ्यांच्या नावे करू नये, आणि सरसकट हार व हळदकुंकूही वाहू नये. दर ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता शाळेत आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहत होतो. ती रीत सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यात कोणीही परका ठरत नाही.

मदतीचा भाग या कार्यक्रमापासून वेगळा ठेवा. मंचावर बोलावून पाकीट देणे आणि त्याचा फोटो काढणे यात घेणाऱ्याची मान खाली जाते, आणि मुले ते आयुष्यभर विसरत नाहीत. पैसा जमवला असेल तर मुलांच्या शिक्षणाची फी परस्पर भरा आणि त्याचा उच्चार करू नका. पैशाहूनही तुमच्या वर्गाकडे देण्याजोगे ज्ञान आहे : कोणी वकील असेल, कोणी तलाठी, कोणी बँकेत. अनेक घरांत कर्ता पुरुष गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद झालेली नसते, किंवा भावांची नावे चढतात आणि विधवेचे राहून जाते. मग पीककर्ज नाही, पीकविमा नाही, शासनाचे अनुदान नाही. वास्तविक वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. अशा एका घरासोबत तहसीलच्या खेपा घालून तो फेरफार करून देणारा वर्गमित्र त्या कुटुंबाला शाल-श्रीफळापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडेल.

घरच्यांना स्नेहमीलनाला बोलावताना त्यांच्यासाठी वेगळी रांग, वेगळे स्वागत असे काही ठेवू नका. हजेरी झाल्यावर त्यांना जायचे असेल तर कोणीतरी घरापर्यंत सोडून यावे. थांबायचे असेल तर त्यांनी सर्वांबरोबर पंगतीला बसावे, आणि त्यांच्या शेजारी वर्गातला असा एक जण बसावा ज्याला त्यांचा माणूस चांगला आठवतो. जे येणार नाहीत त्यांच्यासाठी त्या दिवशी सांगितलेल्या गोष्टी एका वहीत लिहून काढा, आणि त्या वहीतील त्यांच्या माणसाचे पान नकलून घरी पोहोचवा. मूळ वही शाळेकडे द्या. आईला वाचता येत नसेल तर पान देऊन परत येऊ नका, वाचून दाखवा.

शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की मुख्याध्यापक आणि बाबू दोघेही भेटणार नाहीत, म्हणून रजिस्टरसाठीचा अर्ज आणि सभागृहासाठीचा अर्ज एकाच वेळी, सुट्टीच्या किमान दोन आठवडे आधी गावातल्या मित्राकरवी द्या. बाकावरच्या मित्राच्या घरी निरोप मात्र त्या मित्राकरवी पाठवू नका. फोन क्रमांक मिळवून निरोप स्वतः द्या, आणि आपण कोण हे सांगताना तुमचे आजचे पद न सांगता, त्याच्या शेजारी बसत होतो, एवढेच सांगा.